एकोणीस नंबरची आतली कडी

मी एक जुनी कडी आहे. कानातली नव्हे, साखळीतली नव्हे, दाराची.

मित्रांनो, तुमच्या वह्यांमधून आजवर फाटक्या छत्रीने, मोडक्या खुर्चीने आणि बंद पडलेल्या घड्याळाने आपापली रडगाणी गाऊन घेतली आहेत. माझे रडगाणे नाही. मला एकदा भयंकर राग आला होता, तो सांगायचा आहे. लोखंडाला राग येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी उन्हात तापलेल्या कडीला हात लावून पाहावा.

एका लोहाराने एका दुपारी एकाच सळईचे दोन तुकडे केले. एकाची मी झाले, दुसऱ्याचा कोयंडा झाला. मी दारावर बसते, तो चौकटीत बसतो. मी सरकून त्याच्यात शिरले की दार बंद. मी हलते, तो हलत नाही. मी वाजते, तो ऐकतो. तुमच्या घरात असे एखादे जोडपे असेलच.

आम्हाला एका नव्या सरकारी वसाहतीत नेले. सरकारी छापखान्यातल्या कामगारांसाठी ती बांधली होती. तळमजला धरून चार मजले, दर मजल्यावर पंधरा खोल्या, समोर लांब व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक संडास. प्रत्येक दारात किल्लीचे कुलूप बसवलेले होते. त्याच्या किल्ल्या दोन: एक खोलीत राहणाऱ्याकडे, दुसरी खाली वसाहतीच्या कार्यालयात, खिळ्याला टांगलेली. म्हणजे ते कुलूप अर्धे तुमचे आणि अर्धे सरकारचे. पूर्ण तुमची अशी त्या खोलीत एकच वस्तू होती. मी.

मला बसवताना मिस्त्रीने इंजिनिअरला विचारले होते, "साहेब, ही आत का बाहेर?"

इंजिनिअर म्हणाला, "इथं माणसं राहायला येणार आहेत का कोंबड्या?"

मिस्त्रीने मला आत बसवले.

माझी खोली एकोणीस नंबरची, पहिल्या मजल्यावर. तिथे आत्या राहायला आली. छापखान्यात ती जाड जाड पुस्तकांची बांधणी करायची. सुई, दोरा आणि सरस यांत तिची बोटे झिजली होती. एकटीच राहायची. एकदा सुट्टीत तिची भाची आली आणि "आत्या, आत्या" करत व्हरांडाभर धावली. तेव्हापासून ती सगळ्या वसाहतीची आत्या झाली. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा पहारेकरीसुद्धा तिला आत्याच म्हणे आणि तीही त्याला "काय रे बाळा" म्हणे.

आत्याचे दार दिवसभर सताड उघडे. कोणाचे पुस्तक सुटले, कोणाला अर्ज लिहून हवा, कोणाला कात्री हवी, कोणाला नुसते नवऱ्याबद्दल बोलायचे आहे, सगळे एकोणीस नंबरमध्ये. पण संध्याकाळचे पाच वाजले की आत्या उठायची. "चला, निघा," म्हणायची. मग मी सरकायचे. खटक. सहा वाजेपर्यंत दार बंद.

त्या तासाभरात ती काय करते यावर वसाहतीत भरपूर मते होती. तळमजल्यावरच्या बायका म्हणत, रडते. शेजारच्या खोलीतला शिक्षक म्हणे, काहीतरी लिहिते, आणि लिहिणारी माणसं शेवटी शेजाऱ्यांबद्दलच लिहितात. पहारेकरी म्हणे, झोपते, कारण तो स्वतः त्या वेळी झोपायचा.

एकदा शेजारणीने सरळ विचारले, "आत्या, पाच ते सहा करता काय हो तुम्ही?"

आत्या म्हणाली, "दिवसभर मी कोणाची ना कोणाची तरी असते गं. तेवढा एक तास कोणाची नसते."

"पण करता काय?"

"तेच."

मला ती फार जपायची. दर महिन्याला छापखान्यातल्या यंत्राचे तेल चिंधीवर आणून मला पुसायची. "दणकट आहे हो माझी कडी," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. अशी कौतुकाची वर्षे किती गेली ते मी मोजले नाही.

आता आपणसाहेबांबद्दल सांगते. हे छापखान्यात भांडारपाल आणि वसाहत समितीचे अध्यक्ष. एक नंबरच्या खोलीत राहत. त्यांना हे नाव पडले, कारण ते कधीच "मी" म्हणत नसत. मराठीत "आम्ही ठरवलं" म्हटले की समोरचा बाहेर राहतो, मग तो भांडतो. "आपण ठरवलं" म्हटले की समोरचा न विचारता आत ओढला जातो. त्यानेही ठरवलेले असते, फक्त त्याला पत्ता नसतो. साहेबांच्या तोंडात हा शब्द इतका बसला होता की त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, ती नळावर सांगायची, "काल म्हणतात, आपलं पोट बिघडलंय. म्हटलं, माझं ठणठणीत आहे, तुमचं तेवढं बघा."

माणूस वाईट होता असे मी म्हणणार नाही. एकदा गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली तेव्हा हेच गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन जिना उतरले होते. "आपण घाबरायचं नाही," म्हणत होते. त्या दिवशी त्यांचे "आपण" खरे होते. पण चांगल्या दिवशी मिळालेला शब्द माणूस वाईट दिवशीही वापरतो, आणि ऐकणाऱ्याला फरक कळायला वेळ लागतो.

गडबड सुरू झाली ती दुसऱ्या मजल्यावरच्या कंपाउंडरमुळे. हा सकाळी मोरीत अंघोळ करताना साबणावरून घसरला. एक पाय बादलीत, एक पाय मुरगळलेला, दाराला आतून कडी. अर्धा तास ओरडत होता. शेवटी चौघांनी खांदा लावून दार फोडले. माणूस वाचला, दार गेले, आणि अर्ध्या वसाहतीने त्याला टॉवेलात पाहिले.

संध्याकाळी अंगणात सभा भरली. आपणसाहेब खुर्चीवर उभे राहिले.

"कडी नसती, तर आपण दोन मिनिटांत आत असतो," ते म्हणाले.

आत्या पुढेच बसून कोणाची तरी वही शिवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "कडी नसती, तर तुम्ही रोजच दोन मिनिटांत आत असता."

"आत्या, विषय सुरक्षिततेचा आहे. सगळ्यांच्या. लपवण्यासारखं काही नसेल तर कडी लागतेच कशाला?"

"तुमच्या मोरीला पडदा आहे?"

"आहे की."

"मग मोरीत लपवण्यासारखं काय करता?"

सभा हसली. वहिनी सगळ्यात जास्त हसली. आपणसाहेब म्हणाले, "ती गोष्ट वेगळी." मग मतदान झाले. दर खोलीमागे एक हात वर करायचा होता, आणि कोणाचा हात वर नाही हे अध्यक्ष खुर्चीवरून बघत होते. एकोणसाठ हात वर झाले. साठाव्या हातात सुई होती.

मित्रांनो, इथे मला पहिल्यांदा राग आला. साठ घरांनी मिळून ठरवायच्या गोष्टी असतात. नळाला पाणी किती वाजता सोडायचे, जिन्याला रंग कोणता द्यायचा, टाकी फुटली तर पहिली बादली कोणी उचलायची. ते एकट्याने ठरवून चालत नाही. पण मी कोयंड्यात कधी शिरायचे हे एकोणसाठ हातांनी ठरवायचे असेल, तर मग मला त्या दारावर बसवले कशाला? शोभेला?

ठराव गृहकल्याण कार्यालयात गेला. कार्यालयाला असल्या ठरावाची भूकच असते. आठ दिवसांत परिपत्रक आले: "सर्व रहिवाशांनी दारांच्या आतील कड्या तात्काळ काढाव्यात. न काढणाऱ्याची खोली रिकामी करून घेण्यात येईल."

परिपत्रकाच्या मागोमाग तपासनीस आला. काटकुळा, कानावर पेन्सिल, काखेत यादी. त्याचा स्वभाव वाईट नव्हता. त्याला स्वभावच नव्हता, रकाने होते. तो एकोणीस नंबरच्या दारात उभा राहिला. "बाई, कडी काढा."

आत्याने दार लावले आणि मी कोयंड्यात गेले. मग तिने मला मागे ओढले आणि दार उघडले. "ही काढली."

तपासनीसाने लिहिले: काढली.

आत्याने दार लोटले. खटक. आतून म्हणाली, "आणि ही लावली."

तपासनीस बाहेरून म्हणाला, "बाई, काढायची म्हणजे उपटून काढायची."

"तसं लिहिलंय?"

त्याने परिपत्रक तीनदा वाचले. "तसं लिहिलेलं नाही."

"तुम्हाला कोणी चष्मा काढा म्हटलं, तर तुम्ही कान कापून काढता का?"

तपासनीसाने हाही प्रश्न लिहून घेतला आणि "खुलासा मागवतो" म्हणून तो निघून गेला. ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. त्या संध्याकाळी साठच्या साठ खोल्या सरकारची आज्ञा पाळत होत्या. काढ, लाव. काढ, लाव. ज्यांनी सभेत हात वर केले होते, ते तर दोनदा पाळत होते. मजल्यामजल्यावर असा खडखडाट चालला होता की समोरच्या रस्त्यावरचा चहावाला बघायला बाहेर आला.

खुलासा यायला महिना लागला, आणि तो कसा आला हे ऐकण्यासारखे आहे. अधिकाऱ्याने मसुद्यात लिहिले होते: "कड्या स्क्रूसह काढाव्यात व ही सूचना प्रत्येक दाराबाहेर लावावी." टंकलेखिका बाईंच्या नजरेतून "ही सूचना" हे दोन शब्द निसटले. पुढे "लावावी" आले. बाई व्याकरणाला पक्क्या होत्या. कड्या अनेक, मग लावावी कसे? त्यांनी ते शुद्ध केले. कागद बाहेर पडला तो असा: "कड्या स्क्रूसह काढाव्यात व प्रत्येक दाराबाहेर लावाव्यात."

अगदी शुद्ध वाक्य. एकही चूक काढता येणार नाही.

आपणसाहेबांनाही वाचून घाम फुटला. त्यांनी कार्यालयात फोन केला. "हे जरा... बाहेर म्हणजे बाहेरच ना?"

पलीकडून विचारले, "शिक्का आहे का कागदावर?"

"आहे."

"मग चूक कशी असेल?"

फोन ठेवेपर्यंत त्यांची शंका गेली. दोन दिवसांत त्यांना या हुकमामागचे कारणही सापडले. ते जिन्यात लोकांना समजावू लागले, "आतली कडी म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास. बाहेरची कडी म्हणजे शेजाऱ्यावर विश्वास." लोक मान डोलावत. चुकीवर शिक्का बसला की ती चूक राहत नाही, तिला धोरण म्हणतात. आणि धोरणाला विद्वान लगेच मिळतात.

मिस्त्री आला. आत्या त्याला म्हणाली, "अरे, माणसाला बाहेरून कडी घालतात का कधी? जरा अर्थ बघ ना याचा."

मिस्त्री म्हणाला, "आत्या, मला अर्थ विचारू नका. स्क्रू विचारा. साठ कड्या, दोनशे चाळीस स्क्रू."

त्याने मला उपटून बाहेर बसवले. कोयंडा मात्र निघेना. तो चौकटीत इतका मुरला होता की ओढताना त्याचा एक पाय वाकडा झाला. मिस्त्रीने त्याला तसाच आत सोडला आणि बाहेर माझ्यासाठी नवा, चकचकीत, पातळ पत्र्याचा कोयंडा ठोकला. एका सळईतून निघालेले आम्ही दोघे. आता मध्ये जाडजूड लाकूड. मी बाहेर ऊनवारा खात होते, आणि तो आत रिकामा. लाकडातून त्याचा आवाज तेवढा यायचा.

मित्रांनो, दाराबाहेर कड्या आल्या हे वाचून तुमच्या डोक्यात जे आले, तेच वसाहतीतल्या मुलांच्या डोक्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघालेली पोरे तळमजल्यावरून पळत गेली आणि पंधरा कड्या लावत गेली. खट, खट, खट, खट. पंधरा कामगार छापखान्यात उशिरा पोहोचले. कारणाच्या जागी सगळ्यांनी "परिपत्रक" असे लिहिले. एका सुनेने सासूला दुपारभर आत ठेवले आणि संध्याकाळी म्हणाली, "अगंबाई, चुकून लागली वाटतं." दुसऱ्या दिवशी सासूच्याही हातून तीच चूक झाली. शिक्षकाला शेजाऱ्याने कोंडले, कारण शिक्षक गात असे. भांडणे पूर्वीही व्हायची, पण पूर्वी चिडलेला माणूस आपले दार लावून घ्यायचा. आता तो दुसऱ्याचे लावू लागला.

पण आत्याचे दुखणे वेगळे होते. पहिल्याच दिवशी पाचला तिने दार लोटले, कुलूप फिरवले. पाच वाजून दहा मिनिटांनी कार्यालयातली दुसरी किल्ली त्याच कुलपात फिरली आणि दारातून आपणसाहेबांचे डोके आत आले.

"आपण फक्त बघायला आलो. सगळं ठीक ना?"

आत्या खुर्चीत हात जुळवून बसली होती. "ठीक."

त्यांनी वहीत लिहिले: काही आढळले नाही. थोडा विचार करून खाली लिहिले: हे संशयास्पद आहे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. कधी पाच वाजून दहाला, कधी वीसला, कधी पावणेसहाला.

कोयंड्याने लाकडातून मला कळवले, ती काहीच करत नाही गं. नुसती दाराकडे बघत बसते. किल्लीची वाट बघत.

मित्रांनो, रोज पूर्ण तास कोणाला तुमच्या खोलीत बसावे लागत नाही. कोणत्याही क्षणी कोणी येऊ शकते, एवढे पुरते. आपणसाहेब आत अर्धे मिनिट असत, पण आत्याचा तास मात्र पूर्ण जात होता. तिने त्या दिवसांत दोन पुस्तकांची पाने उलटी शिवली. इतक्या वर्षांत तिच्या हातून असे कधी झाले नव्हते. मला तेल मिळाले नाही. मीही मागितले नाही. कोणत्या तोंडाने मागणार?

मग जाहीर झाले की कार्यालयाचे मोठे साहेब स्वतः पाहणीला येणार. सुट्टीचा दिवस ठरला, सगळे घरी सापडावेत म्हणून. हुकूम असा की साडेतीनपासून सर्व रहिवाशांनी दारे लोटून आत बसावे, म्हणजे कड्या नीट दिसतील. पहारेकऱ्यालाही आत बसवले. त्यालाही खोली होती, म्हणजे त्यालाही कडी होती.

आत्याने साहेबांना द्यायला एका ओळीचा अर्ज लिहून ठेवला होता. ही बातमी आपणसाहेबांना लागली. तीन वाजता ते एकोणीस नंबरशी आले. आत्या आत अर्जाची घडी घालत होती. ते बाहेरूनच म्हणाले, "आत्या, आपण जरा शांत राहू. साहेब गेले की उघडू." आणि त्यांनी मला सरकवले.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लाजिरवाणा क्षण. जिला मी इतकी वर्षे राखले, तिलाच मी कोंडले. आतून आत्याने एकदाच दार ओढून पाहिले. मग ओढले नाही. मला दात नाहीत. असते तर मी त्या बोटांना चावले असते.

साडेतीनला साहेब आले. एक नंबरच्या खोलीत आपणसाहेब त्यांना चहा देत बसले. "आपल्याकडे सगळं एकदिलानं चालतं," असे सांगत होते. साहेबांनी तपासनीसाला सांगितले, "तू यादी पूर्ण कर आणि घरी जा. मी नंतर निघतो."

तपासनीसाच्या यादीत खोल्या साठ आणि रकाना एकच: "कडी हलवून पाहिली." तो एक नंबरपासून सुरू झाला. आत साहेब आहेत, म्हणून त्याने अदबीने दार लोटले. कडी उघडी होती. त्याने ती हलवली, म्हणजे लावली. बरोबरची खूण केली. दोन नंबर: हलवली, खूण. तीन नंबर: हलवली, खूण. हलवलेली कडी परत काढायची असे यादीत कुठे नव्हते, आणि रकान्याबाहेरचे काम त्याने जन्मात केले नव्हते. एकोणीस नंबरला आला. मी आधीच लागलेली होते. त्याने मला हलवले. म्हणजे काढले. खूण केली आणि पुढे गेला. साठावी खूण करून तो सायकलवर बसला आणि घरी गेला.

पाच वाजायच्या सुमारास पहिला माणूस चहा संपवून दार उघडायला उठला असेल. मग दुसरा. मग सगळ्या वसाहतीला एकदमच कळले. एकोणसाठ दारे धडाधड वाजू लागली. मागच्या खिडक्यांना गज, आणि पलीकडे छापखान्याची भिंत, छापखाना सुट्टीवर. अख्ख्या इमारतीत मोकळे दार एकच होते, आणि ते कोणाचे हे तुम्हाला ठाऊक आहे.

आत्याने सहज दार ओढले. ते उघडले. तिने व्हरांड्यात डोके काढले, दोन्हीकडे पाहिले, मला पाहिले. मग आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाचला दोन मिनिटे कमी.

मित्रांनो, जरा विचार करा. किल्ली घेऊन येणारा माणूस स्वतःच कोंडलेला. पहारेकरी कोंडलेला. तपासनीस घरी. त्या एका तासात जगातला कोणीही आत्याच्या दारात येऊ शकत नव्हता. दार लोटायचे, कानात कापूस घालायचा आणि सहापर्यंत बसायचे, एवढेच काम होते. ती उंबऱ्यात उभी राहिली. लाकडातून कोयंडा म्हणाला, बसेल बघ. मी म्हटले, बसू दे, तिचा हक्क आहे.

आत्याने सुस्कारा सोडला, चपला घातल्या आणि शेजारच्या दाराशी गेली. कडी काढली नाही. आधी दार वाजवले.

"कोण आहे? आत येऊ का?"

आतून शिक्षक ओरडला, "अहो आत्या, या ना, विचारता काय."

"विचारायचं असतं," आत्या म्हणाली आणि तिने कडी काढली.

असे तिने दारोदार केले. प्रत्येक ठिकाणी आधी टकटक, मग "येऊ का?", मग कडी. कंपाउंडर हात जोडून म्हणाला, "आत्या, मागच्या वेळी निदान कडी माझी मी लावली होती." सासू आणि सून एकाच खोलीत अडकल्या होत्या, दोघी एकमेकींकडे बोट दाखवत बाहेर आल्या. सगळे मजले झाले आणि शेवटी ती एक नंबरशी आली. तिच्यामागे आता सगळी वसाहत उभी होती.

टकटक.

"आत्या का?" आतून आवाज आला. "आत्या, आपण अडकलो आहोत."

"आपण नाही. मी बाहेर आहे."

आतून दार एकदा ओढले गेले. मग, "म्हणजे आपल्या सगळ्यांनाच..."

"सगळे बाहेर आहेत. माझ्या मागे उभे आहेत. आत कोण अडकलंय ते सांगा."

आतून वहिनीचा आवाज आला, "अहो, म्हणा की आता. साहेबांकडे बघा तरी." दुसरा एक भारदस्त आवाज घाईने म्हणाला, "बाई, तीन कप चहा झालाय. संडास व्हरांड्याच्या टोकाला आहे म्हणे."

"मी," आपणसाहेब म्हणाले. आवाज चिरका आला, कारण शब्द वापरात नव्हता. "मी अडकलोय. मला उघडा."

"येऊ का आत?"

तिघेही एका सुरात म्हणाले, "या."

आत्याने कडी काढली. साहेब दारातून सुटले ते थेट टोकापर्यंत. इतका मोठा अधिकारी इतक्या वेगाने जाताना वसाहतीने पहिल्यांदाच पाहिला. परत आले तेव्हा चेहरा बराच माणसांत आला होता. आत्याने अर्ज पुढे केला. त्यावर एवढेच होते: "माझी कडी मला आत हवी आहे."

साहेब म्हणाले, "बाई, नियम सर्वांसाठी असतो."

"हो ना," आत्या म्हणाली. "मघाशी तुम्हीही सर्वांत होतात. कसं वाटलं?"

साहेबांनी आपणसाहेबांकडे पेन मागितले, आणि अर्जावर तिथेच सही केली.

सरकार चूक कबूल करत नाही, हे तुम्ही मोठे झालात की तुम्हाला कळेलच. तिसरे परिपत्रक आले: "मागील परिपत्रकातील ‘दाराबाहेर’ या शब्दाऐवजी ‘दाराच्या आत’ असे वाचावे. ज्यांना कडी नको असेल त्यांनी ती लावू नये." तेवढ्या दोन वाक्यांसाठी दोन महिने आणि चारशे ऐंशी स्क्रू लागले. मिस्त्रीने मला पुन्हा आत बसवले. कोयंड्याचा वाकडा पाय त्याने हातोडीने सरळ केला. त्या दिवशी मी त्याच्यात शिरले तेव्हा थोडी करकरले; लोक म्हणाले, गंज चढलाय. लोकांना सगळेच गंज वाटते.

आपणसाहेब आठवडाभर "मी, मी" म्हणत होते, मग हळूहळू सवयीवर आले. पण हल्ली एकोणीस नंबरच्या दाराशी आले की आधी टकटक करतात आणि आतून "या" येईपर्यंत पायावर पाय घासत उभे राहतात. दुसरी किल्ली आत्याच्या मागणीवरून तिच्या हाती दिली गेली. कंपाउंडरने स्वतःच ठरवले की अंघोळीच्या वेळी आपण कडी लावायची नाही. शेजाऱ्याला सांगून ठेवले, बादली वाजली तर या. त्याला कोणी हुकूम केला नाही, आणि शेजाऱ्यालाही नाही. तरी शेजारी कान देऊन असतो.

आता मी खरोखर जुनी झाले आहे. आत्याचे हात थरथरतात, कधी तेल घालायचे विसरते. मला सरकायला जोर लागतो. माझे मागणे मोठे नाही. मित्रांनो, तुमच्या घरच्या कडीला वर्षातून दोन थेंब तेल घाला. ती कोणत्या बाजूला आहे ते अधूनमधून बघत जा, आणि तुमच्या भल्यासाठी ती बाहेर लावू असे कोणी म्हणाले तर तो कितीही भला असो, मिस्त्री येण्याआधी भांडा. नंतर स्क्रू काढायला फार वेळ जातो. आणि दुसऱ्याचे बंद दार दिसले तर आधी वाजवा.

आता तुम्ही विचाराल की पाच ते सहा आत्या करते तरी काय. मला माहीत आहे. कोयंड्यालाही माहीत आहे. इतकी वर्षे आम्ही दोघे रोज बघतो आहोत. आणि ते तुम्हाला सांगायला लागले, तर मग मी कडी कसली?

चला, पाच वाजले. निघा.